नको असलेले शब्द

राजकन्येची पालखी दारात सजून उभी होती आणि पालखीला आडवा राजा उभा होता!

"माझी इंदुमती सासरी जाणार नाही!" राजा धैर्यशील म्हणाला.

"बाबा, लग्न तुम्हीच लावून दिलंत ना?" पालखीतून राजकन्या म्हणाली.

"लग्न लावलं. जायला कुठं सांगितलं?"

जावईबापू गावाच्या वेशीवर तंबूत वाट बघत बसले. राजा काही ऐकेना. त्याने दवंडी पिटवली. "आजपासून राज्यात कुणाला कुणापासून, काही कशापासून वेगळं करायचं नाही! वियोग, विरह, ताटातूट, दुरावा, एकटा, वेगळा, निरोप, असला शब्दही तोंडातून काढायचा नाही! जो काढेल त्याला नदीपलीकडच्या कोठडीत कोंडू!"

दवंडीवाल्याने हे सगळे शब्द ओरडून सांगितले, म्हणून पहिला अपराधी खरं तर तोच! पण त्याला माफी मिळाली.

मग गंमतच सुरू झाली. दुपारी आलेल्या पाहुण्यांना निरोप कसा घ्यावा ते कळेना, ते रात्रीपर्यंत बसून राहिले. वेगळी चूल मांडलेल्या भावांना शिपायांनी एका चुलीवर आणलं. त्या घरी मीठ किती घालायचं यावरून रोज भांडण! आणि विहिरीवर कुणी "एकटीच आलीस?" असं विचारायचं नाही. "तू आलीस, आणि तुझ्या मागे कुणी दिसत नाही, असं का गं?" असं लांबलचक विचारायचं.

भिवा गवळ्याला मात्र एवढं सुचलं नाही. धार काढताना तो सवयीने ओरडला, "हौसा, वासरू वेगळं बांध गं! सगळं दूध पिऊन टाकील!"

कुंपणापलीकडे नेमका शिपाई उभा. भिवाची रवानगी कोठडीत!

त्याची मुलगी हौसा तडक दरबारात गेली. "महाराज, माझ्या बाबांना सोडा. त्यांनी फक्त वासराबद्दल सांगितलं."

"शब्द तो शब्दच!" राजा म्हणाला. मग मिशीत हसला. "सोडतो. पण माझा हुकूम चुकला हे मला पटवून दे. आणि तेही हुकूम न मोडता! तो शब्द बोलायचा नाही, तसलं काही करायचंही नाही. जमेल?"

"महाराज, हे कसं जमणार?" प्रधानजी पुटपुटले.

हौसाने जरा विचार केला. "उद्या दुपारचा स्वयंपाक मी करू का, महाराज?"

"कर की! पण नुसतं चांगलं जेवू घालून सुटका नाही हं!"

दुसऱ्या दिवशी राजा, राजकन्या आणि प्रधानजी पाटांवर बसले. राजाच्या ताटात भात वाढला होता. राजाने मोठा घास घेतला आणि एकदम ठसकला.

"हे काय? टाळूला टोचतंय!"

"कोंड्यासकट साळ शिजवलीय, महाराज. पाखडायला सूप घेतलं होतं, पण हुकूम आठवला. परत ठेवून दिलं."

"आमटी आण!"

हौसाने मातीने भरलेली पाटी आणली. पाटीत मुळासकट तुरीचं झाड! "डाळ शेंगेत आहे, शेंग झाडाला आहे. झाड मातीत आहे. मी कशालाच हात लावला नाही."

"मग तूप तरी वाढ!"

"तूप लोण्यात आहे, लोणी दुधात आहे, आणि दूध..." तिने अंगणाकडे बोट दाखवलं. अंगणात गाय उभी होती.

भुकेल्या राजाने ताट सरकवलं. तो ओरडला, "अगं वेडे! कोंडा वेगळा केल्याशिवाय भात खायचा कसा?"

प्रधानजींनी तोंडावर हात ठेवला.

"काय झालं? मी काय म्हणालो?"

"महाराज," प्रधानजी घाबरत म्हणाले, "तुम्ही जे म्हणालात, ते आम्हाला म्हणायची बंदी आहे!"

राजकन्येला हसू आवरेना. राजा ओशाळला, पण हट्ट सोडेना.

"बरं, भाताचं मान्य. पण माझी लेक म्हणजे काय भात आहे?"

"छे, महाराज! माणसांच्या बाबतीत तर तुमचा हुकूम फारच छान पाळला जातोय. भांडखोर भाऊसुद्धा एका ताटात जेवतात. फक्त जावईबापू बायकोवाचून तंबूत बसलेत, आणि माझे बाबा माझ्यावाचून कोठडीत. ह्या दोघांच्या बाबतीत हुकूम कुणी मोडला, तेवढं आपण शोधा!"

राजा असा मोठ्याने हसला की अंगणातली गाय दचकली.

"सापडला! अपराधी सापडला, प्रधानजी! भिवाला सोडा, जावईबापूंना बोलवा. इंदू, जेवून घे बाळ, मग पालखी निघेल." डोळे पुसत तो हौसाकडे वळला. "आणि तुला, पोरी, ओढ्याकाठची माझी निम्मी जमीन दिली!"

"महाराज, उपकार झाले," हौसा म्हणाली, "पण मध्ये बांध घालून वेगळी करून द्या हं! नाहीतर तुमची गुरं रोज माझ्याकडे जेवायला!"