ओतून दिलेले औषध

त्या राज्यात राजवाड्याच्या तळ्याचे जादा पाणी खालच्या कुरणात सोडत. त्यामुळे कुरणात बारमाही चिखल असे आणि चिखलात उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाचे पाय कधी ना कधी सडत. पाणी दुसरीकडे वळवावे, असे कोणी म्हणत नसे. औषध मिळते का, एवढेच सगळे विचारत.

औषध घोरपड विकायची. तिच्या बाटलीवर 'डोंगरमुळांचा अस्सल अर्क' अशी चिठ्ठी असे. भोरी मेंढीने अंगावरची उरलीसुरली लोकर देऊन एक बाटली घेतली होती. तिच्या कोकराचा मागचा खूर मऊ पडला होता आणि कळप दुसऱ्या दिवशी हलणार होता. जे चालत नाही ते मागेच राहते, हे तिने पहिल्या पिल्लाच्या वेळी पाहिले होते.

बूच काढण्याआधीच राजवाड्याचा तपासनीस, बगळा, येऊन पोहोचला. बांधावर एका पायावर उभा राहून त्याने बूच उपटून बाटलीत चोच बुडवली.

"खडू आणि डबक्याचं पाणी. चिठ्ठी खोटी आहे. सगळ्या बाटल्या ओता."

"बघा, एकच पाय टेकवलाय," म्हातारा रेडा पुटपुटला. "साहेबांना आपल्या चिखलाची किळस येते."

एकदोघे हसले. बाकीच्यांना तेवढाही उत्साह नव्हता. घोरपड केव्हाच बिळात शिरली होती. बाटल्या ओतल्या गेल्या आणि बांधाच्या पायथ्याशी पांढरट डबके साचले.

भोरी पुढे झाली. "साहेब, हे खोटं होतं, कळलं. मग खरं कुठाय?"

"माझ्याकडे नाही, बाई."

"मग कुणाकडं?"

बगळ्याने वर, तळ्याच्या दिशेने पाहिले.

"मला फक्त खोटं ओळखायला नेमलंय," तो म्हणाला.

ऊन उतरले तसे सगळे पांगले. भोरी कोकराला ढुशा देत, थांबत, पुन्हा ढुशा देत बांधाकडे घेऊन आली. त्या पाण्यात काही नाही, हे तिला पटले होते. तरी ती आली.

बगळा अजून तिथेच होता. दिवसभर पिसांत दुमडून धरलेला पाय त्याने आता खाली सोडला होता. त्याची बोटे सुजून काळी पडली होती, आणि तो पाय त्या पांढरट डबक्यात बुडालेला होता.

त्याने भोरीकडे पाहिले नाही. नुसता थोडा बाजूला सरकला, आणि डबक्यात एका लहान खुरापुरती जागा झाली.