निर्यात अधिकारी दिगू

एका गावात एक भोळा निर्यात अधिकारी होता. गाव कोकणातलं, अधिकाऱ्याचं नाव दिगू. अनसूयाकाकूंच्या कोकम सरबताच्या कारखान्यात पासपोर्ट असलेला तेवढा एकच माणूस, म्हणून त्याला अधिकारी केलं. तो काकूंचा पुतण्या होता, हेही खरंच. यंदा परदेशातली ऑर्डर मिळाली नाही, तर कारखान्याला कुलूप लागणार होतं आणि गावातल्या बावीस बायकांचं काम जाणार होतं.

काकू म्हणाल्या, "दिगू, दुबईला जा. आधी तिथला बाजार नीट बघ."

दिगूने तीन दिवस बाजार बघितला आणि परत आला.

"काय झालं रे?"

"बघितला. मोठा आहे."

"मेल्या, नुसतं बघून काय होतंय? नमुना हातात द्यायचा असतो."

"बरं," दिगू म्हणाला.

मग तो लंडनला गेला. व्यापाऱ्याला म्हणाला, "हात पुढे करा." त्याने केला. दिगूने त्याच्या तळहातावर पळीभर सरबत घातलं, तीर्थ देतात तसं. ते पांढऱ्या बाहीतून थेट कोपरापर्यंत गेलं. कोकमाचा डाग निघत नाही, हे आता लंडनमध्येही माहीत आहे.

काकूंनी कपाळावर हात मारला. "अरे, हातात कसलं ओततोस? काही द्यायचं तर बाटलीत घालून, बूच घट्ट लावून द्यावं."

"बरं."

दिगू जपानला गेला. तिथल्या व्यापाऱ्याने कमरेत वाकून, दोन्ही हातांनी आपलं कार्ड दिलं आणि दिगूचं मागितलं. दिगूनेही वाकून बाटली दिली. कार्ड आत होतं. व्यापारी बिचारा सभ्य. संध्याकाळपर्यंत बाटली उलटी धरून हलवत बसला.

आता मात्र काकूंना रडूच आलं. "तू आता कुठे जाऊच नकोस. जर्मनीचे साहेब इकडेच येतायत. तेवढीच आशा उरलीय. गिऱ्हाईक म्हणजे देव, एवढं एकच लक्षात ठेव."

हे मात्र दिगूला पुरतं कळलं.

साहेब आले. दिगूने त्यांना मखरात पाटावर बसवलं, डोक्यावर दूर्वा ठेवल्या, एकवीस मोदकांचा नैवेद्य दाखवला, आरती केली. साहेब भलतेच खूश. असं स्वागत कुठल्याच देशात झालं नव्हतं, म्हणाले. चौदा मोदक खाल्ले, सहा ग्लास सरबत प्यायले आणि उद्या सही करतो म्हणाले. काकूंनी दिगूच्या पाठीवरून हात फिरवला. आयुष्यात पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी काकू करारनामा छापून आणायला तालुक्याला गेल्या. परत येतात तो समोरून दिगू येत होता. चिंब ओला. डोक्यावर रिकामा पाट, पाटावर मूठभर वाळू.

"साहेब कुठेत?"

"दीड दिवस झाला ना, काकू. वाजतगाजत नदीवर पोचवले. वाटेत छान नाचले."

"आणि सही?"

"कंबरभर पाण्यात कसली सही? तिसऱ्यांदा बुडवल्यावर वर येऊन जर्मनमध्ये बरंच बोलले. मी हात जोडून म्हटलं, पुढच्या वर्षी लवकर या."