चोवीस खुर्च्यांचा एसी

"दोन टन की तीन टन, वस्ताद? एवढंच सांगा. बाकी ज्ञान नको."

निलयने विचारलं आणि परत रुमालाने मान पुसली. भिंतीवर दीड टनाचा एसी घरघरत होता. निलयला तर तो आवाजसुद्धा गरम वाटायचा.

मे महिना, नागपूर, ऐन जेवणाची वेळ. आणि निलयच्या हॉटेलात गिऱ्हाईक? एक नाही!

पराते वस्ताद कोपऱ्यातल्या टेबलावर बसले होते. याच वस्तादांच्या पत्र्याच्या खानावळीत निलय सावजी मटण शिकला. शिकला, आणि निघताना काय ऐटीत म्हणाला होता, "तुमच्याकडे लोक घाम पुसत जेवतात. माझ्याकडे एसीत जेवतील."



आता गाळेमालकाने महिनाअखेरची मुदत दिली होती. हॉटेल चालव, नाहीतर किल्ली आणून दे. निलयचा सगळा जीव त्या नव्या एसीत अडकलेला. मोठा एसी आला की लोक येणार. येणारच! दुसरं काही त्याच्या डोक्यात शिरतच नव्हतं.

"आधी वाढ तर," वस्ताद म्हणाले.

निलयने मटण वाढलं. वस्तादांनी भाकरी मोडली, रस्स्यात बुडवली, खाल्ली. मग वाटीच ओठाला लावली.

कपाळ कोरडं.

"घाम नाही आला रे."

"तेच तर!" निलय उसळलाच. "तिखट निम्मं केलं मी. व्हायचं काय, रस्सा खाऊन लोकांना घाम फुटायचा आणि बोंब एसीच्या नावाने. आता कोणी बोंबलत नाही."

"हो ना," वस्ताद म्हणाले. "कोणीच नाही."

…

निलयला ते लागलं. पण त्याने दाखवलं नाही. पटापट बोलत सुटला. "तो एसीवाला आता फोन करेल बघा. भला माणूस आहे. सगळं नीट विचारून घेतलं त्यानं."

"काय विचारलं?"

"खोली केवढी, छत किती उंच, ऊन कुठून येतं. भट्टी आत आहे का. माणसं किती बसतात."

"माणसं काहून?"

"अहो, माणसाच्या अंगाची पण गरमी असते! जितकी जास्त माणसं, तितका मोठा एसी."

"मग? किती सांगितली?"

"चोवीस." निलयची छाती जराशी फुगली. "चोवीस खुर्च्या आहेत आपल्याकडे."

वस्तादांनी हात धुतले. खांद्यावरचा दुपट्टा अंगाभोवती घट्ट लपेटला. मग पहिल्या खुर्चीपाशी गेले आणि तिच्या लाल रेक्झिनवर तळहात ठेवला. थोडा वेळ तसाच.

मग शेजारच्या खुर्चीवर.

"काय करून राहिले, वस्ताद?"

"तू पण लाव हात."

निलयने लावला. गार.

पुढची. गार. तिच्या पुढची… गार. खिडकीजवळची, जिथे बाहेरचं ऊन काचेला चिकटलं होतं, तीसुद्धा गार. हात लावत लावत निलय नकळत हळू चालायला लागला, आजाऱ्याच्या खोलीत चालतात तसा. सगळी रांग संपली.

एसी आपला घरघरत होता.

शेवटी वस्ताद गल्ल्यामागे गेले. तिथे निलयची स्वतःची खुर्ची. सकाळपासून दाराकडे बघत तो तिथेच बसून होता.

वस्तादांनी तिच्यावर हात ठेवला. आणि काढलाच नाही.

"ही गरम आहे."

निलयच्या मानेवरून घामाचा ओघळ शर्टात उतरला. त्याने रुमाल शोधला. सापडला नाही.

फोन वाजला. एसीवाला.

"दादा, किती टन? गाडी भरून राहिलो, तुमचा पण टाकतो."

निलयने फोन छातीशी दाबला.

"काय सांगू, वस्ताद?"

…

वस्तादांनी दुपट्टा कानावरून घेतला. दार उघडलं. बाहेरची झळ आत आली.

"विचार त्याला… एका माणसापुरता भेटते का."