गुऱ्हाळावरचा बोकड

ऊसपट्ट्यातल्या एका गावात सुंदराक्का नावाची एक गुऱ्हाळवाली होती. मोठी काळजीखोर बाई! हातातून झारा पडला तरी तिच्या छातीत धस्स व्हायचं.

गुऱ्हाळ म्हटलं की उकळता रस आला, आणि रस आला की भाजणं आलं. कुणी भाजला की आक्का त्याचं औषधपाणी करी, घरी बसल्या दिवसांची मजुरीही देई. ते तिला कधी जड वाटलं नाही. पण गुऱ्हाळाच्या विम्याचा हप्ता दर साली वर चढत होता, त्याचा तिला घोर लागला होता. विमावाला म्हणाला, "आक्का, गडी भाजायचे कमी झाले की हप्ता खाली येईल."

आक्कानं बाजारातून एक गलेलठ्ठ बोकड आणला आणि गुऱ्हाळासमोरच्या बाभळीला बांधला.

"हंगाम संपेपर्यंत कुणालाही इजा झाली नाही, तर हा तुमचा," ती गड्यांना म्हणाली. "एकाला जरी झाली, तरी बोकड परत बाजारात."

आणि काय नवल! त्या दिवसापासून कुणी भाजेचना. मलमाच्या डबीवर धूळ बसली. आक्काला गाढ झोप लागू लागली.

एका दुपारी तिला दिसलं, रावबा डाव्या हातानं भाकरी खातोय.

"काय रे, उजव्याला काय झालं?"

"काही नाही, आक्का. डाव्यानं चव जास्त लागते."

बाकीचे गडी जरा जास्तच मोठ्यानं हसले. आक्काच्या मनात पाल चुकचुकली. पण बोकडाकडे बघून तिनं ती हुसकून लावली.

पुढे एक दिवस गूळ तयार झाला, चौघांनी काईल, म्हणजे रस आटवायची भलीमोठी कढई, उचलली आणि रावबाची पकड सुटली. काईल कलंडली. कढत गूळ मातीत गेला. त्याचा शिंतोडा म्हाताऱ्या सिदूतात्याच्या पायावर उडाला. तात्यानं ओठ आवळले, पण साधं 'आई गं'सुद्धा म्हटलं नाही. सगळे गडी गप्प उभे राहून बोकडाकडे बघत होते.

झाऱ्याच्या आवाजाला दचकणारी आक्का पहिल्यांदाच शांततेला भ्याली.

तिनं तात्याच्या पायावर गार पाणी ओतलं आणि रावबाला मूठ उघडायला लावली. चिंधीखाली तळवा चिघळला होता.

"अरे, बोलला का नाहीस?"

"काईलीची कडी सैल झालीय, आक्का. उचलताना हात तापल्या काठावर जातो. सगळ्यांनाच चटके बसलेत. पण मी बोललो असतो तर बोकड गेला असता, आणि ह्यांनी त्याच्याऐवजी मलाच सोलला असता!"

"तुझ्या अंगावर मटण कुठंय?" तात्या कण्हत म्हणाला.

आक्काला हसूही आलं आणि रडूही. लोहाराचं हातासरशी होणारं काम! ते तिच्या कानावर यायचं, तर तिनंच आणलेला बोकड आडवा उभा होता.

तिनं कडी बदलून घेतली. दोघांना दवाखान्यात नेलं, मजुरी चालू ठेवली आणि विमावाल्याला सगळं खरंखरं कळवलं.

"हप्ता वाढेल, आक्का."

"वाढू दे. माणसाचा हात काही हप्त्यानं परत येत नाही."

मग तिनं बोकडाची अट फिरवली. "धोका दिसला की ओरडायचं. जो गप्प बसेल, त्याच्या ताटात रस्सा नाही!"

झालं! दिवसभर हाका सुरू. "आक्का, पायरी निसरडी झालीय!" "आक्का, चरकाचा पट्टा उघडा पडलाय!" प्रत्येक हाकेला आक्का दचकायची, आणि लगेच दुरुस्ती करून घ्यायची.

हंगाम सरता सरता भाजणं खरोखरच कमी झालं. एकदा वाढलेला हप्ताही पुढच्या सालापासून उतरू लागला. त्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी गुऱ्हाळावर मटणाचं जेवण झालं. आक्का वाढत वाढत रावबापाशी आली आणि क्षणभर थबकली.

रावबा उजव्या हातानं जेवत होता.

तात्पर्य: इजा लपवल्यानं जोखीम कमी होत नाही, ती फक्त दिसेनाशी होते; ज्या धंद्यात कामगारांना न भिता बोलता येतं, त्याच धंद्याचा खर्च आटोक्यात राहतो.