बिब्ब्याची खूण

ही गोष्ट खरं तर मी सांगायची नव्हती. जिच्याकडून ऐकली तिनं तसं बजावलं होतं आणि मी मानही हलवली होती. म्हणून यात कुणाचंही नाव घेणार नाही. नाव घेतलं नाही म्हणजे झालं, असं मला वाटतं.

एकदा एक वृद्ध गुरुजी होते. आयुष्यभर मोठ्या शहरात संगणकाचं काम करून ते आपल्या लहानशा गावी परतले होते आणि चार मुलामुलींना ती विद्या शिकवत होते. त्यांच्या एका हुशार शिष्येला गावच्या दवाखान्यासाठी अ‍ॅप तयार करण्याचं काम मिळालं. रुग्णानं मोबाइलवर नोंद करायची, आणि नंबर लागला की दवाखान्याच्या ओसरीतल्या पडद्यावर त्याच्या नावाची ओळ झळकायची.

काम निम्मं झालं असेल, तेव्हा एक काकू तिच्या दारात आल्या. चहा नको म्हणाल्या, बसल्याही नाहीत.

"ते पडद्याचं तूच करतेस ना? मी दर गुरुवारी मनाच्या आजाराची गोळी न्यायला जाते. मुलीची सोयरीक ठरत आली आहे. तिकडच्यांना कळलं तर मोडेल. पडद्यावर दिसणार असेन तर मी गोळी सोडते, सरळ सांगते तुला."

"काकू, गोळी सोडू नका," शिष्या म्हणाली. "तुमचं नाव कुठंही दिसणार नाही. शब्द देते."

तिनं तो पाळलाही. अ‍ॅपला भक्कम कुलूप घातलं आणि पडद्यावरून नावं काढून टाकली. नावाऐवजी गल्ली, वय, स्त्री की पुरुष आणि कोणत्या विभागात जायचं, एवढंच ठेवलं. मग ती मोठ्या समाधानानं गुरुजींकडे गेली.

गुरुजींनी सगळं शांतपणे पाहिलं. "कुलूप चांगलं आहे," ते म्हणाले. "आता एक कर. एका चिठ्ठीवर तुझी स्वतःची नोंद लिही. नाव नको. आजार कोणताही घाल."

शिष्येनं गमतीनं लिहिलं: वेशीजवळची गल्ली, वय एकोणीस, स्त्री, दात. गुरुजींनी चिठ्ठी घेतली, पायांत चपला सरकवल्या आणि चालू लागले. गेले ते थेट परटीण मावशींच्या इस्त्रीच्या टेबलाशी. शिष्या मागोमाग धावली. अ‍ॅपची परीक्षा परटिणीकडे कशी, हे तिला उमगेना.

"मावशी, ही चिठ्ठी कोणाची, ओळखा बरं," म्हणत गुरुजींनी ती वाचून दाखवली.

मावशींनी कोळशाची इस्त्री बाजूला ठेवली. "वेशीजवळ एकोणिसाच्या पोरी दोनच. त्यातली एक परवाच सासरी गेली. मग राहिली ही, तुमच्या मागं उभी." त्या शिष्येकडे वळल्या. "दात दुखतोय का गं? लवंग धर दाताखाली."

शिष्येचा चेहरा उतरला. तिला दात आठवला नाही, काकू आठवल्या. त्यांच्या गल्लीत त्यांच्यासारख्या सेहेचाळीस वर्षांच्या बायका असून असून किती असणार?

"पण माझं नाव तर त्यात नव्हतं," ती पुटपुटली.

गुरुजींनी घडीतला एक सदरा मागितला. मावशींनी त्याची कॉलर उलटून दाखवली. आतल्या बाजूला बिब्ब्याच्या रसानं काढलेले तीन ठिपके आणि एक रेघ होती. कितीही धुतली तरी न जाणारी खूण.

"कोणाचा हा?" शिष्येनं विचारलं.

"सदरा सांगत नाही, मीही सांगत नाही," मावशी म्हणाल्या. "कुठली खूण कुठल्या घरची, ते माझ्या डोक्यात."

"पण ठिपकेच का? मास्तरांना पाटी काढावी, सोनाराला तराजू. लक्षात ठेवायला सोपं."

मावशी हसल्या. "माझ्या सासूनंही तेच केलं होतं, बाई. एकदा घाटावर तराजूवाल्या सदऱ्याला दारूचा वास आला. सासूनं तोंड उघडलं नव्हतं, तरी दिवस मावळायच्या आत गावभर झालं. सोनारानं कपडे टाकायचे बंद केले. त्या दिवसापासून आमच्याकडं ठिपके."

परतताना गुरुजींनी विचारलं, "पडद्याला गल्ली कशाला हवी होती?"

"लागेल कधीतरी, म्हणून ठेवली."

"कधीतरी लागेल म्हणून उंबऱ्यात ठेवलेली वस्तू आधी चोराला सापडते. कुलूप आपण शेवटी लावतो, मुली. त्याआधी विचारावं, की हे आपल्यापाशी असायलाच हवं का? माणूस आपल्याला माहिती देतो ती दान म्हणून नव्हे, धुवायला दिलेल्या कपड्यासारखी. काम झालं की घडी करून परत. आणि नाव पुसलं म्हणजे ओळख पुसली, असं समजू नकोस. आपली ओळख शंभर ठिकाणी सांडलेली असते."

शिष्येनं पडदा पुन्हा लिहायला घेतला. डॉक्टरांना जे लागतं ते डॉक्टरांच्या खोलीतच राहिलं. पडद्यावर उरली नुसती खूण, ठिपके आणि रेघा; ती कोणाची, ते फक्त त्या रुग्णाच्या मोबाइलवर दिसे. तीही दर खेपेला नवी. हे ऐकून गुरुजी एवढंच म्हणाले, "हे मावशींनाही सुचलं नव्हतं."

गुरुवारी काकू आल्या. पदर नाकापर्यंत ओढलेला, जागा कोपऱ्यातली. पडद्यावर दोन ठिपके आणि आडवी रेघ उमटली. काकूंनी मोबाइल पाहिला, पडदा पाहिला, मग आजूबाजूला पाहिलं. जो तो आपापली खूण शोधत होता. कोणी मान वर केली नाही. काकूंनी पदर खांद्यावर घेतला आणि त्या आत गेल्या. जाताना दाराशी उभ्या असलेल्या शिष्येला हळूच म्हणाल्या, "साखरपुड्याला ये हं."

जे आपण जवळ ठेवतच नाही, ते आपल्या हातून कधी सांडत नाही.

आता त्या काकू कोण, ते मी सांगणार नाही. नाव तर मुळीच नाही. एवढंच सांगते, की साखरपुडा आमच्याच गल्लीत झाला, मुलगी माझ्या ताईच्या वर्गात होती आणि त्यांच्या दारापुढं एक... आई हाक मारते आहे. आले, आई. हं, तर त्यांच्या दारापुढं...