खालचं बोट

“तुम्हाला सुईची भीती वाटते का हो, नाना?”

मैथिलीनं हसत विचारलं, पण तिला उत्तर हवं होतं.

नानांनी मान वर केली नाही. मांडीवरच्या गोधडीत त्यांची सुई चालू होती.

इथं येताना तिनं काय काय मनात धरलं होतं! एखादा तपस्वी भेटेल. उघड्या बोटांनी शिवणारा, टोचण्यांनी बोटांची चाळण झालेला. ग्लासगोत कापडाचं शिक्षण घेताना तिनं गोधडीवर प्रबंध लिहिला होता आणि त्यात ठासून सांगितलं होतं, की शिवणारीचं रक्त सांडल्याशिवाय गोधडीला ऊब येत नाही.

भेटले ते नाना. उजव्या हाताच्या बोटांवर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या टोप्या, मधल्या बोटावर सुई ढकलायचं पितळी अंगुस्तान. गोधडीखाली असणाऱ्या डाव्या हाताच्या बोटालासुद्धा पत्र्याची पट्टी बांधलेली. उन्हं कलली की काम थांबवायचे, चष्मा पुसायचे आणि एकेक बोट उलटंपालटं करून न्याहाळत बसायचे. हळदीला बसलेल्या नवरीनं मेंदी बघावी तसे.

मैथिलीला ते बघवत नसे.

बालाघाटाच्या पायथ्याची ती वस्ती कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांची; नानाही त्यांतलेच. रोग कधीच गेला होता. गेलेली जाण मात्र परतली नव्हती; कुणाच्या बोटांतली, कुणाच्या तळव्यांतली, कुणाच्या पाठीतली. लांबलांबची माणसं मनातलं काहीबाही घेऊन नानांकडे यायची. नाना आधी त्यांना सुईत दोरा ओवायला लावायचे, मग ऐकायचे.

मैथिली मात्र ऐकवायला आली नव्हती. तिला त्यांच्याजवळ राहायचं होतं, कायमचं. आईशी भांडून, परतीचं तिकीट रद्द करून ती आली होती.

नाना तेव्हा एवढंच म्हणाले होते, “एक गोधडी शीव. वस्तीतल्या सगुणाच्या अंगावर पडू दे. मग बघू.”

आज तिचा शेवटचा दोरा उरला होता.

“भीती?” नाना आत्ता बोलले. “वाटते की.”

“मला नाही वाटत.” मैथिलीनं डावा हात पुढे केला. “बघा ना. सुरुवातीला रोज रक्त यायचं. आता कातडी अशी घट्ट झालीय, की टोचलं तरी कळत नाही.”

नानांची सुई थांबली.

“कळत नाही?”

“अजिबात!”



नाना तिच्या बोटांकडे बघत राहिले. आजारी माणसाच्या उशाशी बसून बघावं तसे.

तेवढ्यात दारात सगुणाबाई आली. डोक्यावरून पदर, हातात काठी, तोंड कायम चालू.

“झाली का गं माझी गोधडी? का पुढच्या थंडीला देतीस?”

“आजच देते, मावशी. एवढा दोरा झाला की संपलं.”

“परदेशात म्हणं समदं यंत्रावर होतंय. तिथनं हितं सुई टोचून घ्यायला आलीस! तुझ्या आईनं दृष्ट काढली न्हाई का तुझी?”

“सगुणा, बस जरा,” नाना म्हणाले.

ती उंबऱ्यावर टेकली. मैथिलीनं शेवटची गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि गोधडीची घडी घालायला घेतली.

“काल तुझी सुई मोडली,” नाना म्हणाले.

तिनं चमकून पाहिलं. नाना तर तेव्हा पाठ करून बसले होते.

“माझी बोटं बहिरी झालीत, कान नाहीत. पत्र्यावर टोक वाजलं की मला कळतं सुई खाली पोचली. कानानंच शिवतो मी.” ते थांबले. “नेढ्याकडचा तुकडा डब्यात टाकलास. टोक कुठाय?”

“उडालं असेल कुठंतरी.”

“कुठं?”

मैथिलीनं आजूबाजूला जमिनीवर नजर फिरवली.

“गोधडी पसर. हात फिरव.”

तिनं गोधडी अंथरली. या कडेपासून त्या कडेपर्यंत, वरून, खालून, डाव्या हाताचं नेहमीचं खालचं बोट दाबून दाबून फिरवलं. सगळीकडे मऊ.

“काही नाही, नाना.”

“आता गाल लाव.”

“काय?”

“गाल.”

सगुणाबाई फिसकन हसली. “लाव गं बाई. नानाचं असंच असतंय.”

मैथिलीही हसली. गुडघ्यांवर बसून तिनं गोधडीला गाल टेकला आणि लहान मूल आईच्या पोटावर डोकं घासतं तसा हळूहळू सरकवत नेला. लाल पातळाचा तुकडा गेला. निळा गेला. मधल्या हिरव्या चौकोनावर ती एकदम ओरडली.

गालावर रक्ताचा बारीक थेंब उभा राहिला होता.

तिनं तो चौकोन चिमटीत धरला, उजेडाकडे वळवला. वरच्या थरातून सुईचं टोक जेमतेम डोकावत होतं. आत्ताच तिचं बोट त्याच्यावरून गेलं होतं. दोनदा.

“बघू काय ते,” म्हणत सगुणाबाईनं हात पुढे केला, “आणि दे हिकडं. पाठीखाली घालते आज. हाडं गारठल्यात नुसती.”

मैथिलीनं गोधडी झटकन मागे ओढली.

त्या पाठीला जाण नव्हती हे तिला ठाऊक होतं. मागच्या महिन्यात खाटेचा खिळा रात्रभर रुतला होता आणि सकाळी चोळी हाताला ओली लागली तेव्हा कुठं सगुणाबाईला कळलं होतं. ती जखम अजून भरत होती.

“नाना… हे त्यांना…”

“कळलं नसतं.”

“पण मला तरी…”

“तुलाही कळलं नाही.”

सगुणाबाईनं पुढे केलेला हात मागे घेतला.

मग नाना उठले, आपल्या अंथरुणावरची गोधडी उचलून त्यांनी सगुणाबाईच्या खांद्यावर टाकली. “आजच्याला ही घे.”

“आन् तू?”

“मी काकडेन.”

सगुणाबाई गेली. नाना बोटांवरच्या टोप्या एकेक करून काढू लागले. मैथिलीला वाटलं, आता ते म्हणतील, जा पोरी आपल्या घरी. त्यांनी मात्र ऊन होतं तोवर बोटं तपासली, तेल लावलं आणि दिवा लावायला आत गेले.

सकाळी वस्तीतली सगळी नळापाशी जमली. रोजच्यासारखी घमेल्यातल्या पाण्यात हातपाय भिजवत, घट्ट कातडी दगडानं हलकेच घासत, एकमेकांच्या टाचा बघत, एकमेकांना शिव्या देत. इतके दिवस मैथिली दुरूनच बघायची. आज एका घमेल्यापाशी ती बसली आणि तिनं आपली बोटं पाण्यात बुडवली.

मग ओसरीवर येऊन तिनं कात्री घेतली, गोधडीचा पहिला दोरा कापला आणि ओढून काढला.

“टोक तर मिळालं,” नाना म्हणाले.

“एकच सुई मोडली का, ते मला छातीठोक सांगता येत नाही.”

नाना आपल्या जागी जाऊन बसले.

राहू का, हे तिनं विचारलं नाही. दोरे काढत राहिली. थर वेगळे झाले, एकेक तुकडा तिनं गालावरून, मनगटाच्या आतल्या बाजूवरून फिरवला आणि बाजूला रचला. उन्हं माथ्यावर आली तेव्हा सगुणाबाई डोकावली.

“घावलं का आणखी काही?”

“नाही.”

“म्हंजे उगाच उसवलीस!”

“आत्ता कळलं ना मावशी, की नाही ते. काल नव्हतं माहीत.”

सगुणाबाई काहीतरी पुटपुटली, पण गेली नाही. काठी बाजूला ठेवून तुकडे जोडून मांडायला बसली.

मैथिलीनं नानांच्या डब्यातलं जादा अंगुस्तान उचललं आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटात घातलं. डावा हात थरांखाली सरकवला. घट्ट झालेलं बोट तिनं मिटून घेतलं आणि त्याच्या शेजारचं, अजून मऊ असलेलं, पुढे केलं. त्याच्यावर काही बांधलं नाही. वरून सुई हळूच ढकलली, खाली टोक लागायची वाट पाहिली…

“आई गं!”

नानांचा हात थांबला. त्यांनी डोळे मिटले.

“पुन्हा म्हण,” नाना म्हणाले. “नीट ऐकू दे.”