तराजूने मोजलेल्या शाळा

भोकरवाडीची शाळा बंद होणार, अशी दवंडी पिटली गेली तेव्हा सगुणा कुंभारीण दारात मडकं थापटत बसली होती. ते मडकं तिच्या हातातच चेपलं. तिचा सात वर्षांचा भिवा त्याच शाळेत जात होता, आणि आता जवळची शाळा म्हणजे नदीपलीकडची. पावसाळ्यात नावाडीसुद्धा देवाचं नाव घेऊन ती नदी ओलांडायचा, तिथं एवढीशी पोरं कशी धाडायची?

झालं होतं असं. राजे उदाजीरावांच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर काढायला ब्रह्मदेव आला तरी हात हलवत परत जाई. या खेपेला त्यांना आपल्या मुलखातल्या चार शाळांची तुलना करायची होती. पहिली येईल तिला कौलारू छप्पर, शेवटची येईल तिला कुलूप! दिवाणजी पालखीतून चारही गावं फिरून आले. कसब्याच्या शाळेत पोरांनी पाढ्यांचा असा गजर केला की दिवाणजींची डुलकी मोडली, म्हणून ती पहिली. भोकरवाडीला ते नेमके बाजारच्या दिवशी पोचले आणि शाळेत चिटपाखरू नव्हतं, म्हणून ती शेवटची.

सगुणा तडक दरबारात गेली.

"महाराज, बाजारच्या दिवशी आमचे पंतोजी पोरांना घेऊन बाजारात जातात. शाळा रिकामी होती, पोरांची डोकी नव्हती."

"प्रत्येक आईला आपलंच पोर गुणाचं वाटतं, बाई," राजे म्हणाले. "पंतोजीला विचारावं तर तो आपलीच टिमकी वाजवणार. पोरांना विचारावं तर ती घोकलेलं म्हणणार. मग खरं कळावं कसं?"

"मग त्यांना विचारूच नये."

दरबारात खसखस पिकली. राजांच्या मिशा थरथरल्या.

"असं? मग तूच लाव चार शाळांचा क्रम! कुठल्याही शाळेची पायरी चढायची नाही. पंतोजी, पोरं, आईबाप, कुणालाही काही विचारायचं नाही. पुढच्या दरबारापर्यंत जमलं नाही, तर मी स्वतः येऊन कुलूप घालीन."

सगुणा हो म्हणाली खरी, पण घरी येऊन विचार करत बसली. मडकं न वाजवता ते पक्कं की कच्चं ते सांगायचं, त्यातली ही गत. रात्री भिवा शेजारी झोपला की तिच्या डोळ्यांपुढे नदीचं पाणी येई.

मग करंजवडीचा बाजार आला. चिंता असली तरी चूल विझून चालत नाही, म्हणून सगुणा मडकी मांडून बसली. समोर लखमशेट गूळ तोलत होता. लखमशेटच्या मापात पाप आहे हे तिला चांगलं ठाऊक होतं, आणि तरी मुलखभर त्याची गाडी फिरे. मुलखभर? सगुणाने जरा आठवून पाहिलं आणि एकटीच हसत सुटली. उरलेली मडकी शेजारणीच्या हवाली करून तिने राजवाडा गाठला.

"महाराज, लखमशेटला बोलवा. गावांच्या बाजाराचा मक्ता द्यायचाय एवढंच म्हणा, शाळेचं नावही काढू नका. कोणतं गाव आधी हवं ते विचारा."

"आणि शाळांचा क्रम?"

"तो शेटच लावतील. आपण फक्त ऐकायचं."

मक्त्याचं नाव ऐकताच लखमशेट धापा टाकत हजर झाला.

"कोणतं गाव आधी देऊ, शेट?" राजांनी विचारलं.

"कसबा, महाराज! काय सज्जन माणसं! मी भाव सांगतो, ती मान डोलावतात. पोरं तर पाढे म्हणत माझ्या अंगावरून जातात, तराजूकडे ढुंकून बघत नाहीत."

"त्यानंतर?"

"तळेवाडी. मग जमलंच तर करंजवडी. तिथं एखाददुसरा शहाणा भेटतो, पण निभतं."

"आणि भोकरवाडी?"

लखमशेटने कानाला हात लावले. "फुकट दिलीत तरी नको! एकदाच गेलो होतो. मी तराजू उचलला, तोच गुडघ्याएवढं कार्टं पुढं आलं. म्हणे, शेटजी, गूळ ठेवायच्या आधीच पारडं झुकलंय! दुसरं सवायकी, म्हणजे सव्वाचा पाढा, म्हणत माझा हिशेब खोडायला लागलं. आणि त्यांचा पंतोजी मागं उभा राहून हसतोय! धंदा करायचा कसा माणसानं?"

दिवाणजी खाली बघू लागले. राजांच्या मात्र सारं ध्यानात आलं, आणि त्यांना आता गंमत वाटू लागली.

"कसब्यापेक्षाही सोयीची जागा आहे का रे एखादी?"

मक्त्याच्या लोभानं शेटची जीभ सैल सुटली होती. "आहे ना महाराज! आपल्या राजवाड्याचं कोठार. तिथं तर कुणी तराजूच मागत नाही."

बोलून गेल्यावर त्याचा चेहरा पांढराफटक पडला. राजांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते सगुणाकडे वळले.

"तर मग बाई, आमच्या मुलखात पहिली शाळा कोणती?"

"शेटजी जिथं फुकटसुद्धा जायला तयार नाहीत ती, महाराज."

"आणि शेवटची कोणती? कसब्याची?"

सगुणाने एकदा दिवाणजींकडे पाहिलं, पदर सावरला आणि हात जोडले.

"कसब्याच्या खाली अजून एक जागा आहे, महाराज. पण तिथं कुलूप कशाला घालायचं? तिथं आधी शाळा काढावी लागेल."

उदाजीराव असे हसले, असे हसले, की पगडी सांभाळायला हुजऱ्या धावला. डोळे पुसत त्यांनी हुकूम सोडले: भोकरवाडीच्या शाळेवर कौलं चढवा, सगुणाला साडीचोळी आणि दुभती गाय द्या, लखमशेटची वजनं जप्त करा. आणि दिवाणजींनी कोठारावरच्या कोठीवाल्याला सोबत घेऊन दर बाजारी भोकरवाडीला जावं, भिवाच्या शेजारी बसावं आणि सवायकी पाठ झाल्याशिवाय पालखीत पाय ठेवू नये!